सातव्या आवृत्तीतली चूक

शनिवारची सकाळ होती आणि नेल्वा तेर्सेरोसच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं मांडलेलं होतं. कागदाचे गठ्ठे होते, खळीचं भांडं होतं, स्टेपलर होता. नवरा फानोर कडा कापत होता. सासू सेनोबिया प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सुईच्या चाकाने टिंबांची रेघ ओढत होती, म्हणजे ते पान पुढे सरळ फाडून घेता यावं. बोलिव्हियातल्या सान रोके विद्यापीठात नर्सिंग शिकवणाऱ्या नेल्वाच्या पुस्तकाची, ‘औषधांच्या मात्रेचं गणित’ची, आठवी आवृत्ती निघत होती.

पहिला गठ्ठा बांधून झाला तशी म्हातारीने बिअरची बाटली उघडली, टेबलाच्या चारही पायांशी धरणीमातेच्या नावाने थोडी थोडी ओतली आणि उरलेली आपल्या पेल्यात घेतली.

“आई, कागद भिजतील,” नेल्वा म्हणाली.

“भिजू देत दोन-चार. धरणी प्यायली की पुस्तकं खपतात. मागे एका साली घाई केलीत, मग बसलात हात चोळत.”

“त्या साली पोरींनी जुनी पुस्तकं फिरवली,” फानोर हसला. “त्यात धरणीमातेचा काय दोष? म्हणून तर हे पान.”

त्या पानाची रीत सांगितली पाहिजे. विभागातल्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाचं स्वतःचं पुस्तक होतं आणि प्रत्येक पुस्तकाला असं एक शेवटचं पान होतं. विद्यार्थिनीने ते फाडून, नाव घालून बाईंच्या हातात द्यायचं, तेव्हा परीक्षेला बसायला मिळायचं. पान गेलं की पुस्तक मेलं. मोठीचं पुस्तक धाकटीला, ही गरिबाघरची साधी सोय त्या एका पानाने मोडून काढली होती. सगळ्यांचेच हात त्यात होते, म्हणून कोणी बोलत नसे. अळीमिळी गुपचिळी.

मारिसाबेल नावाची तरुण शिक्षिका तेवढी एकदा बैठकीत बोलली होती. आपण सगळे मिळून एकच पुस्तक लिहू, विद्यापीठाच्या वेबसाइटवर खुलं ठेवू. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं, छापावं, वाटावं. चूक सापडली की दुरुस्त करावी, म्हणजे ती सगळ्यांसाठी दुरुस्त होईल. त्यावर नेल्वाच म्हणाली होती, “मारिसाबेल, तुझ्यामागे अजून संसार नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला वेळ आहे.” सगळी बैठक हसली. आपण छान बोललो, असं नेल्वाला घरी येईपर्यंत वाटत होतं.

खरं म्हणजे त्या वेळी तिच्या पदरात एक चूक पडलेली होती. सातव्या आवृत्तीत, लहान मुलांना द्यायच्या एका इंजेक्शनच्या उदाहरणात दशांशाचा ठिपका छपाईत उडाला होता. सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर घ्यायचा, तिथे छापलं गेलं पाच. पुस्तकं विकली गेल्यावर हे तिच्या लक्षात आलं. “उद्याच नोटीस लावते,” ती घाबरून म्हणाली होती.

“कशाला?” फानोर म्हणाला. “दरवर्षी नवी आवृत्ती का काढली, हे सांगताना तुझ्या नाकी नऊ येतात. यंदा आयतं कारण मिळालंय. आठवीवर ‘सुधारित’ असं छापू. ज्यांना हवंय त्या घेतील.”

फानोर दुष्ट माणूस नव्हता. या पुस्तकावर वरचा मजला चढला होता आणि आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, एवढंच तो जाणत होता. नेल्वा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती उठून सूप ढवळायला गेली. गप्प बसणं तिला होकारापेक्षा हलकं वाटलं. आपल्यापैकी किती जण असेच सूप ढवळायला गेलो असू, ते ज्याने त्याने आठवावं.

आठवी आवृत्ती विक्रीला आली त्या आठवड्यात एक मुलगी वर्गाबाहेर थांबली होती. योवाना काल्ले तिचं नाव. डोंगरावरच्या एका खेड्यातून आलेली, विद्यापीठाच्या मोफत खानावळीत जेवणारी, पहिल्या बाकावर बसून मान खाली घालून लिहिणारी.

“बाई, माझ्याकडे पुस्तक आहे. सातवी. माझी चुलत बहीण फेलिसा, तिचं. नुसतं शेवटचं पान नाही त्याला.” मुलीने ते पिशवीतून काढून दाखवलं. “पान सुटं मिळेल का?”

“पान सुटं मिळत नाही, योवाना.”

“हो बाई. मैत्रिणी म्हणाल्याच होत्या. मी आपलं विचारून बघितलं.”

ती निघाली. तिची पाठ बघून नेल्वाला कसंसंच झालं. तिने हाक मारून तिला परत बोलावलं, पिशवीतल्या एका प्रतीचं पान टिंबांवरून फाडलं आणि तिच्या हातात दिलं. “कुणाला सांगू नकोस हं.” मुलीने ते पान दोन्ही हातांनी घेतलं.

दिवसभर नेल्वाचं मन प्रसन्न होतं. पानासोबत त्या ठिपक्याचंही सांगायला हवं, हे तिला आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. पण सांगितलं असतं तर मुलीने विचारलं असतं, बाई, मग इतके दिवस का नाही बोललात? दान करताना असला प्रश्न कोणाला हवा असतो? नेल्वाने पान दिलं आणि दुरुस्ती आपल्याकडेच ठेवली.

व्हायचं ते प्रॅक्टिकलच्या दिवशी झालं. सरकारी रुग्णालयाच्या बालविभागात योवानाने एका तान्ह्या मुलासाठी सिरिंज भरली. वॉर्डच्या सिस्टरची नजर सहज त्या भरल्या सिरिंजवर गेली आणि तिने मुलीचं मनगट वरच्या वर धरलं. बाळ वाचलं. मुलीला मात्र त्याच दिवशी घरी पाठवलं. चौकशी बसली. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की खानावळही जाणार आणि खोलीही. म्हणजे विद्यापीठच संपलं. शिक्षकांच्या खोलीत कॉफी पिता पिता कोणीतरी म्हणालं, “डोंगरावरच्या पोरी या. मनाने चांगल्या, पण दशांश म्हटला की संपलं.” नेल्वा तिथेच बसली होती.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी योवाना नेल्वाच्या घरी आली. दारातच उभी राहिली. आईने पाठवलेलं मेंढीच्या दुधाचं चीज तिने फडक्यात बांधून आणलं होतं.

“बाई, तुमची माफी मागायला आलेय. तुमच्या हाताखाली शिकून मी तुमचं नाव खाली घातलं.”

“आत तरी ये,” नेल्वा म्हणाली.

“नको बाई. मी पुस्तक पुन्हा उघडून बघितलं. मला तिथे पाचच दिसतंय. किती वेळा बघितलं, तरी पाच. मीच काहीतरी उलटंसुलटं समजून घेतलं असणार. पुस्तकात तुमचं कसं चुकेल?”

चीज नेल्वाच्या हातात देऊन मुलगी पायऱ्या उतरून गेली.

“ऐकलंस ना?” आतून फानोर हळूच म्हणाला. “पोर स्वतःच चूक पदरात घेतेय. तुला खोटं बोलायचं नाहीये, फक्त बोलायचं नाहीये.”

“तेच तर केलंय मी वर्षभर,” नेल्वा म्हणाली.

म्हातारीने चीज हुंगून बघितलं आणि न चाखता झाकून ठेवलं. त्या रात्री त्याला कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी डीनच्या खोलीत चौघेच होते. डीन ओर्तुस्ते, नेल्वा, टिपणं घ्यायला बोलावलेली मारिसाबेल आणि योवाना. डीनसाहेबांना लवकर आटपायचं होतं. त्यांचंही शरीरशास्त्राचं पुस्तक होतं, अर्थात शेवटच्या पानासकट.

“मुलीने चूक कबूल केली आहे,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त सही करा, बाई.”

“तिचं चुकलेलं नाही. पुस्तकात पाच छापलंय. माझ्या, सातव्या आवृत्तीत.”

डीनसाहेबांनी चष्मा काढला. “असं? बरं. छपाईतली चूक कोणाचीही होते.”

पळवाट समोर होती, चांगली रुंद. नेल्वाला ती दिसली आणि क्षणभर तिचं पाऊल तिकडे वळलंही.

“होते,” ती म्हणाली. “पण ही मला ठाऊक होती. मी ती आठवीत दुरुस्त केली आणि दुरुस्ती विकायला ठेवली. जिला घेता आली तिला बरोबर उत्तर मिळालं. जिला नाही, तिला चूक मिळाली. तीही माझ्याच सहीशिक्क्याची.”

“नेल्वाबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. हे बाहेर गेलं तर उद्या सगळ्यांचीच पुस्तकं उघडून बसतील.”

“बसू देत. म्हणजे चुका तरी सापडतील.”

योवाना इतका वेळ आपल्या हातांकडे बघत होती. तिने मान वर केली.

“मला पान दिलंत, तेव्हा ठाऊक होतं?”

“हो.”

“त्या पानासाठी आईनं तुमच्या नावाने मेणबत्ती लावली, बाई.”

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. आणि मग मुलीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“फेलिसा,” ती म्हणाली. “तीही याच पुस्तकावर शिकली. तिने वर्षाचा सहायिकेचा कोर्स केला. आता आमच्या डोंगरात हातुन पाम्पा नावाच्या गावी दवाखान्यात ती एकटीच असते. तिथे हात धरायला सिस्टर नाहीये.”

नेल्वाने आपल्या अपराधात आजवर ही एकच मुलगी धरली होती. ते पुस्तक बाकी कोणाकोणाच्या हाती असेल, कोणत्या दवाखान्याच्या फळीवर उघडं पडलं असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हातुन पाम्पाला फोन लागत नाही. डोंगरात निरोप जातो तो रेडिओवरून. गाढव पाठवा, आईचं ऑपरेशन झालं, बियाणं गुरुवारच्या ट्रकने येतंय, असे निरोप दुपारी एकापाठोपाठ एक वाचले जातात आणि सगळा डोंगर कान देऊन ऐकतो. नेल्वा आणि योवाना थेट रेडिओ केंद्रावर गेल्या. निवेदकाने कागद वाचून डोकं खाजवलं.

“नाव द्यायचं का, बाई? ‘विद्यापीठाकडून’ म्हणू?”

“विद्यापीठाकडून नाही. माझं नाव घाला, पूर्ण.”

डोंगरात बोलतात ती केच्वा भाषा नेल्वाला बाजारात बटाट्यांचा भाव करण्यापुरतीच येत होती. म्हणून मजकूर योवानाने वाचला. नेल्वा तेर्सेरोस बाईंच्या पुस्तकाची सातवी आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांनी लहान मुलांच्या इंजेक्शनचं पान उघडावं, पाच खोडून अर्धा लिहावं. चूक बाईंची आहे. त्यांना ती माहीत होती आणि त्यांनी सांगितली नाही. आपल्याच गुन्ह्याची भाषा नेल्वाला निम्मी कळत होती. तेवढीही तिला पुरेशी झाली.

संध्याकाळी ती मारिसाबेलकडे गेली. “तुझं ते खुलं पुस्तक. माझ्यापासून सुरू कर. आठव्या आवृत्तीचा सगळा मजकूर देते.”

“अटी काय घालू?” मारिसाबेलने विचारलं. त्या बैठकीतलं हसणं ती विसरली नसणार, पण तिने ते काढलं नाही.

“कोणीही घ्यावं, छापावं. चूक दिसली तर मला न विचारता दुरुस्त करावी. आणि शेवटचं पान नको.”

घरी फानोर बराच वेळ बोलला. टेबलावर गठ्ठे पडलेत, कागदवाल्याला काय सांगू, उद्या विभागात तुझ्याशी कोण बोलेल. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. विभागात खरंच बरेच जण बोलेनासे झाले. योवानाचं प्रॅक्टिकल परत मिळालं, तेवढं मात्र डीनसाहेबांना करावंच लागलं.

रेडिओने निरोप रोज वाचला. आठवडा सरता सरता ट्रकवाल्याच्या हाती चिठ्ठी आली. ‘ऐकलं. दुरुस्त केलं. फेलिसा.’ एवढंच.

“झालं ना?” फानोर म्हणाला. “आता तरी नीट जेव.”

“तिनं आधीचं काही लिहिलेलं नाही,” नेल्वा म्हणाली.

सोमवारी ती बस अड्ड्यावर गेली तेव्हा योवाना तिथल्या बाकावर आधीच बसलेली होती, पाठीवर गाठोडं बांधून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलीने अजून क्षमा केलेली नव्हती आणि नेल्वाने ती मागितलीही नव्हती.

“तुम्ही कशाला येताय, बाई?” योवाना म्हणाली. “रस्ता खराब आहे. मी विचारून येते ना तिला, निरोप ऐकण्याआधी कुणा बाळाला पाच दिलं होतं का ते.”

“तू विचारलंस तर ती तुझं मन राखेल,” नेल्वा म्हणाली. “मला विचारू दे. माझं मन राखायचं तिला काही कारण नाही.”

मुलीने गाठोडं मांडीवर घेतलं आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली.