निम्मी थरथर

भार्गवीने लॅपटॉप कारच्या बॉनेटवर ठेवला आणि दोन्ही आलेख एकावर एक आणले. एक पुलाखाली थरथर कमी करणारी वजनं बसवण्याआधीचा, दुसरा नंतरचा. उमरीजवळच्या पुलाची थरथर निम्म्यावर आली होती, यात वाद नव्हता. पण दुसऱ्या आलेखात रेल्वेगाडी पूल ओलांडायला दुप्पट वेळ घेत होती. हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. आजवर तिची नजर रेघेच्या उंचीवरच होती. लांबीकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

रुळाच्या कडेने देखभालीच्या टोळीचे मुकादम शेषेराव येत होते. तिने त्यांना हाक मारली.

"मामा, आम्ही दुसऱ्यांदा मोजमाप घेतलं तेव्हा गाड्या सावकाश जात होत्या का?"

"जानारच की. सायबाला सांगून म्या बोर्ड लावून घेतला व्हता, सावकाश जायचा. तुमची मानसं पुलावर वाकून तारा जोडून राहिली अन् गाडी धाडधाड आली म्हंजी?" शेषेराव हसले. "पैल्या बारीला समदे खालीच व्हते, मनून न्हाई लावला."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी डोकं वर केलं आसतं तर दिसला आसता, म्याडम. लई मोठा हाय, पिवळाजर्द. उद्या काढायलेत म्हनं, तुमचा रिपोर्ट आला की."

रेणुकादास सर झाडाखाली डबा खात बसले होते. गर्डरखाली स्प्रिंगवर टांगलेली ती वजनं हे त्यांचं डिझाइन. नांदेडातल्या त्यांच्या छोट्या कंपनीचं हे पहिलं मोठं काम. मोजमाप सगळं भार्गवीकडे होतं.

"वेग कमी असला की थरथर कमी होणारच, सर. वजनांमुळे किती कमी झाली, हे आपल्याला माहीतच नाही. आणि उद्यापासून गाड्या पूर्ण वेगाने जाणार."

"पूल पडणार आहे का?"

"माहीत नाही."

"मग तसं लिही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आणि खाली हेही लिही, की मोजताना गाडीचा वेग बघायचं मी विसरले. मी, भार्गवी कंधारकर. मग पुढचं काम कोण देतं तुला, ते बघू. मला तर नाहीच देणार."

ते हात धुवायला गेले. भार्गवी कारमध्ये बसली. लॅपटॉप मांडीवर घेतला, अहवाल वरपासून खालपर्यंत वाचला. वेगाबद्दल एक ओळ लिहिली. खोडली. सर येऊन स्टीअरिंगवर बसले तेव्हा अहवाल गेलेला होता.

"पाठवला?"

"पाठवला."

कार नांदेडच्या रस्त्याला लागली. मग भार्गवीने धर्माबादला आईला फोन लावला.

"आई, उद्या डोळे दाखवायला येतेस ना? रेल्वेने नको येऊस. बसने ये."

"बसनं? हाडं खिळखिळी होतेत गं माझी. रेल्वेत कसं, बसलं, उमरी गेली की आलंच नांदेड."

"ऐक ना. रेल्वेला फार गर्दी असते."

रेणुकादासांनी रेडिओ बंद केला. नजर रस्त्यावरच ठेवली.

"बरं बाई, तुझंच खरं. मग शेजारच्या गुरम्मालाबी सांगते. ती नातीला घेऊन यायलीय ना माझ्यासंगं, दवाखान्यात दाखवायला. लगेच विचारील बघ, का म्हणून. जावई रेल्वेतच हाय तिचा, त्याला फोन लावल्याबिगर ऱ्हायची न्हाई."

भार्गवीने फोन दुसऱ्या कानाला लावला. काच खाली केली, परत वर केली.

"तिला नको सांगूस."

"अगं, म्हंजे ती रेल्वेनं अन् मी बसनं?"

"हो," भार्गवी म्हणाली.