न मारणाऱ्याची बॅट

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे. माझी कीव तेवढी करू नका, मला ती सोसत नाही.

पेनसिल्व्हेनियात खुर्च्यांचे पाय कातणाऱ्या लुडविग ब्रॉयनिंगने मला घडवलं आणि कॉर्नेलियस हॅफर्टीने, म्हणजे सगळ्यांच्या कॉनने, हाती घेतलं. कॉन कोळशाच्या खाणीतून थेट मैदानात आलेला. बेसबॉल खेळून पोट भरतं, ही गोष्टच तेव्हा नवी होती.

आमच्या खेळात गोलंदाजाने चार वाईट, म्हणजे आवाक्याबाहेरचे, चेंडू टाकले, की फलंदाज न मारताच पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, चालत जातो. कॉनची नजर घारीची. वाईट चेंडूला तो मला हलवायचाही नाही. तीन चांगले हुकले की बाद, पण बाजूला ढकललेल्याने बाद होत नाही; म्हणून चांगला आला, की माझी कड लावून बाजूला ढकलायचा, पुन्हा उभा. शेवटी गोलंदाज थकायचा आणि आम्ही बेसवर!

पण लोकांना हवे होते उंच फटके.

"ए हॅफर्टी, ती काठी म्हातारपणासाठी जपतोयस काय?" प्रेक्षक ओरडायचे. वर्तमानपत्रं फक्त फटके मोजायची. बेसवर रोज पोहोचणाऱ्या कॉनच्या नावापुढे शून्य!

एका शनिवारी संघाचा व्यवस्थापक डीट्झ म्हणाला, "आज फटका दिसला नाही, तर सोमवारी खाणीत जायचं."

"जाईन की. पण वाईट चेंडू मारायला मी आंधळा नाही, साहेब," कॉन म्हणाला.

शेवटचा डाव. धावा बरोबरीत, दोन गडी बाद, तिन्ही बेसवर आमची माणसं. कॉन चालत बेसवर गेला, तर सगळे एकेक बेस पुढे सरकणार आणि विजयाची धाव होणार. दोन चांगले चेंडू झाले, तीन वाईट. मग पुढचे सात चांगले चेंडू कॉनने माझ्या कडेने बाजूला ढकलले. माझं अंग ठणकत होतं.

आठवा आला.

"मार, मेल्या, मार!" डीट्झ किंचाळला.

कॉनची बोटं माझ्याभोवती आवळली. मी हललेही नाही. चेंडू कॉनच्या गुडघ्यांपेक्षा खालून गेला, चौथा वाईट! पंचाने पहिल्या बेसकडे हात केला.

आम्ही जिंकलो! डीट्झ मात्र धुमसत होता. "भिकाऱ्यासारखं जिंकवलंस," म्हणाला आणि कॉनला खरंच काढून टाकलं.

कॉन खाणीत गेला नाही. मला खांद्यावर टाकून तो ओहायोच्या गाडीत बसला. तिथल्या संघात अकरा वर्षं खेळला, तसाच, कुणालाही न जुमानता.

आता मी त्याच्या नातीकडे, कोटांच्या कपाटात आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. मला तेल लावा, ओल लागू देऊ नका. पण काचेत ठेवाल, तर खबरदार! मला मैदानावर न्या. तुमच्यावर सगळं गाव ओरडत असताना मी तुमच्या हातात असेन. तेव्हा पाय रोवून उभे राहा.