तळ्याकाठचा राउटर

शेवटच्या राउटरसाठीची आज्ञा टाइप करून झाली होती, पण तिचं बोट एंटरवर नुसतंच टेकलेलं होतं. शेजारी तिचा सहकारी खुर्चीत गोल गोल फिरत होता. ऑफिसात त्याला सगळे घाई म्हणत, आणि त्यानं ते नाव कधी वाया जाऊ दिलं नव्हतं.

"दाब की. सगळी रुग्णालयं नव्या पद्धतीवर गेली, हे एक तळ्याकाठचं राहिलं. मुहूर्त बघतेस का?"

"तिकडचा माणूस जागेवर येऊ दे."

"तिकडचा माणूस म्हणजे तुझा भाऊच ना?"

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

काम नाजूक होतं. समूहाची सगळी रुग्णालयं एकाच नेटवर्कनं जोडलेली. माहिती कुठल्या रस्त्यानं न्यायची हे राउटर ज्या पद्धतीनं ठरवायचे ती जुनी झाली होती. ती बदलायची होती, आणि तेही काही बंद न पाडता; रुग्णालयाला कसली आलीय सुट्टी! म्हणून तिनं नवी पद्धत जुनीच्या शेजारी चालू ठेवली, तिला सगळे रस्ते शिकू दिले, आणि मग एकेका ठिकाणी जुनीचा अंमल थांबवून नवीचा चालू केला. दर वेळी एक खबरदारी घ्यायची. बदल केल्यावर दहा मिनिटांत तिनं 'पक्कं' असं कळवलं नाही, तर राउटर आपला आपण जुन्यावर परत जायचा. दूरच्या यंत्रात बदल करताना स्वतःचाच दोर कापून बसलेले लोक तिनं पुष्कळ पाहिले होते.

फोनवर आवाज आला.

"मॅडम, मी राउटरपाशी आहे."

"बरं. बदल करतेय. लक्ष ठेवा."

सख्खी भावंडं आणि ही अहो-जाहो! शेजारच्या घाईनं कपाळाला हात लावला. पण आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. आई भावाजवळ राहायची. ती आजारी पडली तेव्हा हिनं रोज फोन करावा आणि त्यानं रोज सांगावं, सगळं ठीक आहे, तू तुझं काम बघ. ठीक आहे, ठीक आहे म्हणता म्हणता एका सकाळी तो म्हणाला, असशील तशी निघ. ही पोचली तेव्हा आईशी दोन शब्द बोलायचंही राहून गेलं होतं. तेव्हापासून त्याच्या 'ठीक आहे'वर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि आज नेमके तिथले डोळे-कान तोच होता.

तिनं एंटर दाबलं. पडद्यावरच्या रेघा क्षणभर पिवळ्या झाल्या आणि एकेक करून हिरव्या होत गेल्या.

"झालं," घाई उठलाच. "कर पक्कं आणि चल जेवायला."

"तिकडे कसं आहे?" तिनं फोनवर विचारलं. उत्तर काय येणार हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

पलीकडे तो कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होता.

"मॅडम, जरा थांबा. एक्स-रेच्या खोलीत जाऊन येतो."

"इथं तर सगळं बरोबर दिसतंय."

तो गेला होता. घड्याळ चालू होतं. घाई तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"अगं, वेळ संपेल. सगळं उलटं फिरेल आणि पुन्हा पहिल्यापासून. येऊन तरी तो काय वेगळं सांगणार आहे?"

हेच तिच्याही मनात होतं. तिनं माऊस 'पक्कं'वर नेला.

"ताई!" त्याला धाप लागली होती. "पक्कं करू नकोस. ठीक नाहीये इथं. किरकोळ माहिती जातेय, पण एका पोरीच्या हाताचा एक्स-रे मघापासून अडकलाय. मोठं काही पुढं सरकतच नाही."

ताई. कितीतरी महिन्यांनी. तिनं हात माऊसवरून काढून मांडीवर ठेवला.

"बघितलंस ना नीट?"

"दोनदा पाठवून बघितला."

"मग जाऊ दे परत."

दहा मिनिटं भरली आणि राउटर मुकाट्यानं जुन्यावर गेला. एक्स-रे पोचला. मग तिनं शोधलं तेव्हा चूक तिचीच निघाली. कुठल्या रस्त्याला पहिली पसंती द्यायची त्याचे आकडे भरताना उलटापालट झाली होती, आणि नव्या पद्धतीनं जाड केबल सोडून अडीअडचणीसाठी ठेवलेल्या टेकडीवरच्या रेडिओचा रस्ता धरला होता. रस्ता होता म्हणून पडदा हिरवा. पण तो इतका अरुंद की त्यावरून चित्रं जाईनात. तिनं आकडे सुधारले आणि पुन्हा एंटर दाबलं. या वेळी तो आधीच एक्स-रेच्या खोलीत जाऊन उभा होता. तिथून "कर आता" आलं, तेव्हा कुठं तिनं पक्कं केलं. घाई एव्हाना एकटाच जेवायला निघून गेला होता.

"ठेवतो मग," भाऊ म्हणाला.

"थांब. तू कसा आहेस?"

"मी? ठीक..." पुढचं त्यानं गिळलं.

एरवी तिनं एवढ्यावर 'बरं' म्हणून फोन ठेवला असता. आज तिनं तो कानाशी तसाच धरून ठेवला.

"आईची खोली तेव्हापासून बंदच आहे," तो म्हणाला. "रोज किल्ली घेऊन दारापर्यंत जातो आणि परत येतो. एकट्यानं होत नाही गं."

तिला भडभडून आलं. इतके दिवस जपलेला राग आता कुठं ठेवावा, तेही कळेना. खोली दोघांच्या आईची, आणि आपण एकदाही त्या खोलीबद्दल विचारलं नाही.

"शनिवारी येते," ती म्हणाली. "मी आल्यावर उघडू."