आठ पेट्यांची पूजा

गिरणी बंद पडली तेव्हा काशीरामने पंचेचाळिशी ओलांडली होती. मागांच्या फिटरला त्या वयात पुन्हा श्रीगणेशा करायला लागावा, यासारखी थट्टा नाही. पण हात सोन्याचा होता, म्हणून मरोळच्या अंबादासशेठच्या कारखान्यात त्याचं बस्तान बसलं. सत्त्याऐंशी साली जयंतीबाईंच्या आठ पेट्यांचं काम आलं, तेही शेठने डोळे मिटून त्याच्याच हवाली केलं.

बाई भूगर्भाच्या संशोधक. अंदमानजवळ समुद्राच्या तळाचं कवच दुसऱ्या कवचाखाली घुसतं, ते कसं आणि किती खोल, हे त्यांना पाहायचं होतं. जहाजावरून दाबलेल्या हवेचे बार काढायचे. आवाज तळातून खोल शिरतो, थराथरावर आपटून परत येतो, आणि तळाशी बसलेल्या पेट्या तो टेपवर टिपून घेतात. काशीरामला कळावं म्हणून बाईंनी त्याच्याच डब्यातली एक भाकरी दुसरीखाली सरकवून दाखवली.

"आत काय आहे ते अजून कुणी बघितलेलं नाही, काशीरामभाऊ. आपण बघायचं."

गिरणी गेल्यापासून त्याला कुणी असं आपल्यात धरलं नव्हतं. त्या दिवसापासून तो त्या पेट्यांना पोरींसारखा जपू लागला. सहा वर्षं अर्ज करून बाईंना जहाज मिळालं होतं, तेही वीस दिवस. पुन्हा मिळण्याची आशा नव्हती.

खोल समुद्राएवढा दाब देणाऱ्या चाचणीच्या टाकीत आठही पेट्या पास झाल्या. मग बॅटऱ्या आणि टेप बसवायला झाकणं उघडली, तो दिवस नेमका खंडेनवमीचा. गिरणीत त्या दिवशी यंत्रांची झाकणं काढूनच पूजा व्हायची, देवाची नजर आतही पडावी म्हणून. काशीरामने तेच केलं. हळद, कुंकू, झेंडू, अक्षता. मग झाकणाखालच्या, पाणी अडवणाऱ्या रबराच्या रिंगा पुसल्या, ग्रीस लावलं आणि झाकणं आवळली. पुन्हा टाकीत घालायला वेळ नव्हता, बंदरावर न्यायचा टेम्पो दारात उभा होता.

डिसेंबरात बाई परत आल्या त्या चार पेट्या घेऊन. चार तळाशीच राहिल्या होत्या. वर आलेल्यांत पाणी भरलेलं, टेपचा भिजून चिकट गोळा झालेला.

"माझंच डिझाइन चुकलं," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

काशीरामने पहिलं झाकण काढलं आणि जहाजावर कुणी न उचललेली रबराची रिंग उचलली. रिंगेच्या खाचेत, ग्रीसमध्ये रुतलेला, लाल तांदळाचा एक दाणा. रबरावर त्याचा खड्डा, पाणी शिरायला तेवढी फट पुरे. दुसऱ्या पेटीतही तेच. तिसरी उघडायचा त्याला धीर होईना.

लपवता आला असता. नखाखाली मावेल एवढा तो दाणा! पण त्याने तो तळहातावर घेऊन बाईंपुढे धरला.

"मी केलं हे, मॅडम. धड परत याव्यात म्हणून पूजा केली. मीच वाट लावली तुमची."

बाईंनी दाणा चिमटीत उचलून उजेडात धरला.

"रिपोर्ट काल गेला. डिझाइन सदोष, जबाबदारी माझी."

"मग बदला ना तो! मी लिहून देतो. शेठ काढेल तर काढू दे मला."

"काय लिहून देणार? अक्षतेच्या दाण्याने जहाजाचे वीस दिवस बुडवले? हसतील हो. मग माझ्या मागून येणाऱ्यालाही जहाज देणार नाहीत. डिझाइन चुकलं म्हटलं, तर निदान कुणीतरी नवं डिझाइन करून पुन्हा जाईल."

"आणि तुम्ही?"

"मला आता फायली बघायला बसवतील." त्या उठल्या. "कुणाला बोलू नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुन्हा कधी मरोळला आल्या नाहीत. काशीरामची नोकरी शाबूत राहिली, गुढीपाडव्याला पगारही वाढला. घास मात्र गोड लागेनासा झाला, आणि बायकोला कारण सांगायचीही सोय नव्हती.

पुढच्या खंडेनवमीला शेठने पूजेचं ताट त्याच्याच हातात दिलं. "चल रे काशीराम, तुझा हात चांगला!"

त्याने मुकाट्याने अक्षता उचलल्या. नाही म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं.