दहा रेघा

मी ड्रॉइंग मास्तर. पाकळ्या मोजायच्या, पानाच्या शिरा मोजायच्या, हेच माझं काम. तेव्हा मला दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. दिसलं होतं, अगदी स्वच्छ दिसलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो. शाळेत पोरांना "नीट बघून काढा रे" म्हणून ओरडणारा माणूस घरात काय करत होता, ते आता लिहून काढतो.

एकोणीसशे छत्तीस साल. बेळगावात टिळकवाडीला दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही तिघं राहत होतो. मी, माझी बायको अंजनी आणि माझी आई अक्काताई. आम्ही मूळचे कडोलीचे, अंजनी गुंजीची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आई दिवसातून एकदा तरी ते बोलून दाखवायची, आणि बोलताना तिची मान नेमकी चुलीकडे, म्हणजे अंजनीकडे वळायची.

त्या वर्षी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मडमने मला चित्राचं काम दिलं. तिच्या बंगल्यात पांढऱ्या फुलांचा एक वाफा होता. ही रानफुलं तिच्या मुलखातली. उटीच्या एका मैत्रिणीकडून तिने एकच गड्डा आणला होता आणि त्याचेच तुकडे करून वाफाभर लावले होते. तिला एका कागदावर सगळं झाड हवं होतं, मूळ, खोड, पान, फूल आणि फळ.

पहिल्याच दिवशी मी फुलाला दहा पाकळ्या काढल्या. मडम हसली. तिने एक पाकळी चिमटीत धरून उपटून दाखवली. पाकळ्या पाचच होत्या, पण प्रत्येक अर्ध्यापर्यंत चिरलेली, म्हणून लांबून दहा वाटायच्या. मी खोडरबर काढलं. चूक कबूल करायला मला तेव्हा काही जड गेलं नाही, कारण ती चूक कागदावरची होती.

"फळ तेवढं न्हाय गावायचं मास्तर," माळी भावकू मला म्हणाला. "चार वर्सं झाली, फुलतंय लई, पर बी म्हणून धरत न्हाय. वांझ हाय ते."

शेवटी मडमने मला एक रोप कुंडीत घालून दिलं. हे फूल संध्याकाळीच नीट उमलायचं आणि तेवढ्या उशिरापर्यंत मला कॅम्पात बसता येत नव्हतं. मी ती कुंडी सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणली.

अंजनीला ते झाड फार आवडलं. मी ज्या गोष्टी बघायला भिंग घ्यायचो, त्या ती नुसत्या बोटांनी ओळखायची. "अवो, ह्येची पानं बघितलासा? समोरासमोर हाईत, जोडीजोडीनं. आणि जिथं जोडी फुटती तिथं खोड कसं सुजल्यागत झालंय, बोटाच्या पेरागत." एकदा म्हणाली, "शेंड्याला चिकट लागतंय. मुंगी चढाय गेली आणि तिथंच अडकून बसली बिचारी." दिवे लागायच्या सुमाराला फूल उमलून वास सुटला की हातातलं काम टाकून ती कुंडीपाशी येऊन बसायची.

आईला मात्र कुंडी खपेना. भावकूचा शब्द मीच मूर्खासारखा घरी येऊन सांगितला होता. "वांझ झाड घरात आणू नगंस परशा," ती म्हणाली. "एक हाय तेवढं बास झालं."

अंजनीने ऐकलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मी कागदावर डोकं खाली घातलं.

इथे मला एक वर्ष मागे जायला हवं. मागे जायची मला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

आदल्या वर्षी मी अंजनीला घेऊन परगावच्या एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी तिला तपासलं, मला तपासलं. मग तिला बाहेर बाकावर बसवून मला एकट्याला आत बोलावलं. त्यांच्याकडे डोळ्याला न दिसणारं मोठं करून दाखवणारी सूक्ष्मदर्शक दुर्बीण होती. मी चित्रकार आहे हे कळल्यावर म्हणाले, "या, तुम्हीच बघा." मी डोळा लावला. आत उजेडाचं गोल मैदान होतं आणि त्यात काही नव्हतं, काहीच हलत नव्हतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्या पत्नीत दोष नाही. दोष तुमच्यात आहे. औषध देतो, पण फार आशा धरू नका." त्यांनी एक तपकिरी बाटली दिली, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. "काय म्हटला डाक्टर?"

मी पायताणं काढली, तांब्याभर पाणी प्यालो. नंतर म्हणालो, "तिला औषध दिलंय."

तीन शब्दांचं वाक्य. ती बाटली मी माझ्या हाताने अंजनीच्या हातात दिली. माझं औषध ती सकाळ-संध्याकाळ प्यायली. कडू होतं. प्यायल्यावर ती डोळे मिटायची आणि गुळाचा खडा तोंडात टाकायची. पहिली बाटली संपल्यावर दुसरी तिने स्वतः बाजारातल्या औषधाच्या दुकानातून भरून आणली. मी रोज बघत होतो. एकदाही म्हणालो नाही, की दे ती इकडे.

आता कुंडीकडे येतो. फळ का धरत नाही याचा छडा लावायला मडमने तिचं एक पुस्तक मला दिलं होतं. एका रविवारी मी फूल उभं चिरलं. पाकळ्यांच्या खाली हिरवट, लवदार पिशवी असते, ती उघडली. आत दहा केसर होते, पिवळ्या पिठाने भरलेले. मधोमध जिथे बी धरणारा कोश असायला हवा, तिथे नुसता देठासारखा बारका दोरा. पुस्तक उघडून पाहिलं. या जातीत नराची झाडं वेगळी आणि मादीची वेगळी. न चिरताही ओळखता येतात. पिशवीवर उभ्या रेघा असतात, नराच्या दहा, मादीच्या वीस.

"अंजनी, जरा इकडे ये," मी म्हणालो. माझे डोळे थकले होते. "या पिशवीवरच्या रेघा मोज बघू."

तिने भिंग धरलं. ओठ हलवत मोजलं, कुंडी फिरवून पुन्हा मोजलं. "दहा."

"नक्की?"

"दहाच हाईत. का वो?"

मी पुस्तकातलं सांगितलं. हे झाड नर आहे. बंगल्यातला सगळा वाफा एकाच गड्ड्याचा, म्हणजे सगळाच नर. मादीचं झाड तिथे एकही नाही, मग फळ येणार कुठून?

"म्हंजे पपईगत," ती झटकन म्हणाली. "आमच्या परड्यात नर पपई होती, नुसती फुलायची. आप्पांनी तोडून टाकली." ती हसली, पुन्हा फुलाकडे बघितलं आणि हसू हळूहळू गेलं. "मग ह्येला वांझ का म्हणत्यात? नराला वांझ म्हणत्यात व्हय?"

मी ब्रश पाण्यात बुडवला. पाणी ढवळत बसलो. ती माझ्याकडे बघत होती. असा प्रश्न माणूस दोनदा विचारत नाही. दार उघडं होतं, आई देवळात गेली होती, घरात आम्ही दोघंच होतो. तेव्हा बोललो असतो तर निम्मी लाज तरी वाचली असती. मी म्हणालो, "चहा टाकतेस का जरा?"

तिने चहा टाकला.

त्याच महिन्यात शेजारच्या जयाबाईंच्या नातवाचं बारसं झालं. अंजनी नवं लुगडं नेसून, बाळाला टोपडं घेऊन गेली. पाळण्याच्या दोरीला हात लावायला पुढे झाली तेव्हा जयाबाईंनी गोड आवाजात सांगितलं, "तू ऱ्हाऊ दे गं, मागं बस." माझी आई तिथेच होती, तिनेही मान डोलावली. अंजनी टोपडं पाळण्याजवळ ठेवून परत आली. मी वऱ्हांड्यात पेन्सिलीला टोक काढत होतो. तिच्या चेहऱ्यावरूनच मला सगळं कळलं, आणि मी पेन्सिल इतकी तासली की ती बोटभर उरली.

त्यानंतर आईने उघडच काढलं. कडोलीच्या मारुतीरावांची मुलगी शालू लग्नाची आहे, घर चांगलं आहे, ते दुसरेपणावर द्यायला तयार आहेत. "अंजनीला मी काय घराभाईर काढत न्हाय," आई म्हणाली. "चार म्हैनं गुंजीला ऱ्हाऊ दे. मग येऊन ऱ्हाईल धाकटीच्या हाताखाली." मी नाही म्हणालो नाही. होही म्हणालो नाही. आमच्या घरात पुरुष गप्प बसला की त्याचा अर्थ हो असतो, आणि हे मला ठाऊक होतं.

मीच तिला गुंजीला पोचवायला निघालो. गाडीत ती खिडकीपाशी बसली होती. खानापूर गेलं, दोन्ही बाजूंना झाडी लागली. ती एक शब्द बोलली नाही आणि मला तेच बरं वाटत होतं. गुंजीला उतरलो. फलाटावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तिचे वडील तम्मण्णा स्टेशनाबाहेर गाडी सोडून बैलांना पाणी पाजत होते.

मी ट्रंक उचलली, तर ती म्हणाली, "थांबा जरा." पिशवीतून तिने तपकिरी बाटली काढली. धुऊन पुसून लख्ख केलेली.

"दुसऱ्यांदा भरून आणाय गेलते ना, तवा कंपाउंडर म्हटला, बाई, ह्येच्यावर नाव मास्तरांचं हाय. पुरुषाचं औषध हाय ह्ये, त्यास्नी द्या."

माझ्या हातातली ट्रंक खाली टेकली. "मग तू... दुसरी बाटली..."

"प्याले की. टाकली असती तर तुमी इचारला असता का टाकलीस. मग मला सांगाय लागलं असतं आणि तुमची मान खाली गेली असती." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. त्या दिवशी रेघा मोजाय लावलासा तवा तर वाटलं, आता सांगत्यातच."

 फलाटाच्या फरशीकडे बघत राहिलो.

"हितं मी कुणाला काय बोलायची न्हाय," ती म्हणाली. "तेवढं भ्या मनात ठेवू नगासा. पर एक करा. शालूला ही पाजू नगासा."

बाटली तिने माझ्या हातात दिली, ट्रंक स्वतः उचलली आणि वडिलांकडे चालत गेली.

परतीच्या गाडीत ती बाटली माझ्या मांडीवर होती. माझं आयुष्यभराचं शहाणपण, भिंग, ब्रश, मास्तरकी, सगळं त्या रिकाम्या बाटलीपुढे मला फालतू वाटलं. मला माझी किळस आली. याहून साधा शब्द मला सापडत नाही.

रविवारी मारुतीराव आणि त्यांचे दोन भाऊ तारीख धरायला आले. सतरंजी घातली होती. आईने पानसुपारीचं तबक पुढे केलं. मारुतीरावांनी सुपारी उचलायला हात लांब केला आणि मी म्हणालो, "थांबा. मुलगी देऊ नका."

"का वो पावनं?"

 माझ्या पुढ्यात मडमच्या चित्राचा तो कागद होता, फळाची जागा कोरी असलेला. मी कागदाकडे बघत म्हणालो, "मूल न होण्याचं कारण अंजनी नाही. डॉक्टरांनी वर्षापूर्वी मला सांगितलंय. वांझ मी आहे."

मारुतीरावांचा हात तबकावर तसाच राहिला. धाकट्या भावाला हसू आवरेना, त्याने उपरणं तोंडाला लावलं. वऱ्हांड्यात जयाबाई उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं, आणि त्यांनी ऐकलं म्हणजे टिळकवाडीने ऐकलं. आई तेवढी जागची हलली नाही.

"गप," ती म्हणाली. "पुरुषाला असं म्हणत न्हाईत रं."

"मग काय म्हणतात?"

 तिलाही शब्द सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुंजीला गेलो आणि अंजनीला, तिच्या वडिलांसमोर, सगळं पुन्हा सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "बारशाच्या दिवशी का न्हाय बोललासा?"  ती दीड महिन्याने आली, मी आणायला गेलो म्हणून नव्हे, तिला यावंसं वाटलं तेव्हा.

मडमला मी चित्र दिलं, फळाच्या जागी काही न काढता. कोपऱ्यात "नर" असं लिहिलं. कुंडी आमच्याकडेच राहिली. ते झाड वरून वाळून जातं, मेलं असं वाटतं, आणि पुढच्या वर्षी मुळातून पुन्हा येतं. दहा वर्षं झाली, येतंच आहे. फुललं की अंजनी एक काडी खुडते, त्या तपकिरी बाटलीत पाणी घालून तिच्यात ठेवते आणि बाटली चहाच्या कपबश्यांशेजारी मांडते. आल्यागेल्याला फूल दिसतं. मला बाटली दिसते. ती तिथून काढ, असं म्हणायचं धाडस मला अजून झालेलं नाही.