ठिपक्यांचा डाव

“दाखव तुझ्या हातातली,” राघो म्हणाला.

“डाव संपला ना आता? तुमी जिकलात,” कमळ म्हणाली आणि तिनं आपल्या पुढ्यातल्या सोंगट्या ओच्याखाली सरकवल्या.

“दाखव म्हंतो ना.”

सारवलेल्या ओटीवरून राघोचा हात चाचपत पुढं आला. कमळनं सोंगट्या सोडून दिल्या. अंगठ्याएवढ्या लांब, हाडाच्या, मधोमध एक रेघ आणि रेघेच्या दोन्ही अंगांना कोरलेले खोल ठिपके. राघोनं एकेक उचलून तर्जनीनं वाचली.

“पाच-दोन. पाच-तीन.” त्यानं दोन्ही खाली ठेवल्या. “दोनी टोकांना पाच लागलावता. तुझ्या हातात दोन पाचं. अन् तू तीनदा ढिगातनं उचललीस.”

त्यांची नऊ वर्षांची चिमी एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघत राहिली.

“मी हरलो तर काय मरत नाय गो,” राघो म्हणाला. “पन मला जिकवू नको. तेवढं करू नको.”

कमळनं मान हलवली. मग ते त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाली, “नाय करत.”

त्यानंतर तिनं खरंच तसं केलं नाही.

राघो सोळा वर्षं टोकावड्याजवळच्या लाकडाच्या डेपोत नंबर ठोकायच्या कामाला होता. सिद्धगडाकडच्या रानात तोड झाली की सागाचे ओंडके बैलगाड्यांतून खाली यायचे. प्रत्येकाच्या बुडाला लोखंडी ठशांनी नंबर ठोकायचा, त्याच्याखाली जंगल खात्याची छापाची हातोडी मारायची, मग ओंडका थप्पीला लागायचा. एक घाव, एक आकडा. दुसरा घाव घातला की आकडा फाटतो, असं तो सांगायचा. सोळा वर्षांत त्याचा आकडा फाटला नव्हता. आजूबाजूच्या वाड्यांवर त्याला हातोडीवाला राघो म्हणूनच ओळखत. ह्यापलीकडं त्याच्याविषयी सांगण्यासारखं लोकांजवळ काही नव्हतं, आणि त्याचीही काही तक्रार नव्हती.

मग कंदिलाभोवती त्याला रंगीत कडी दिसू लागली. डोकं ठणकायचं. हळूहळू दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं. बांबूच्या नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरलं. एकदा त्यानं हातोडी ठशावर न मारता अंगठ्यावर मारली. मुरबाडच्या डॉक्टरांनी त्याला मुंबईला मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

“मोतीबिंदू असता तर काढला असता,” ते म्हणाले. “हा काचबिंदू आहे. फार उशीर झाला. गेलेली नजर परत यायची नाही, आणि आहे तीही राहील असं नाही. तरी ती टिकते का, ऑपरेशन करून बघू.”

शेजारच्या खाटेवर दाभोळकडचे एक म्हातारे खलाशी होते, दाऊदभाई. त्यांचा मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, आणि उशाशी एक पत्र्याचा डबा. त्यात ह्या अठ्ठावीस सोंगट्या. बोटीवर शिकलेला खेळ. ज्या टोकाला जेवढे ठिपके, तेवढ्याच ठिपक्यांची सोंगटी तिथं लावायची. नसेल तर ढिगातून उचलायची. ज्याच्या हातातल्या आधी संपतील तो जिंकला. पट्ट्या बांधलेले दोघं दिवसभर खेळत बसायचे. बाराव्या दिवशी दाऊदभाईंची पट्टी सुटली. त्यांना खिडकीतलं झाड दिसलं आणि ते लहान पोरासारखे रडले. मग त्यांनी डबा राघोच्या खाटेवर ठेवला.

“तुज्याजवल असूंदे,” ते म्हणाले. “मला आता दुसरा काय काय बगायचा हाय.”

राघो घरी आला तेव्हा त्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. महिन्याभरानं तोही कळेना. डेपोत त्याच्या जागी बुधू लागला. बुधू त्याचाच मदतनीस, त्याच्याच हाताखाली शिकलेला. हातोडी घ्यायला तो घरी आला, तेव्हा अंगणात उभा राहून नुसताच पायांची चाळवाचाळव करत राहिला. शेवटी राघोनंच ती त्याच्या हातात दिली.

चार महिने डबा तसाच पडून होता. पावसाळ्यात एका दुपारी चिमीनं तो उघडला आणि विचारलं, “बा, ह्या कसल्या वो?”

तिथून सुरुवात झाली. चिमी एका दिवसात शिकली. कमळला चार दिवस लागले, कारण ती लोकांच्या शेतातल्या भाताच्या आवणीवरून दमून यायची आणि खेळता खेळता पेंगायची. राघोला मात्र महिना लागला. दवाखान्यात दाऊदभाईच दोघांच्या सोंगट्या चाचपून आकडे सांगायचे. इथं आपल्या बोटांनी वाचायचं होतं, आणि बोटांना सोळा वर्षांच्या हातोडीचे घट्टे. तीन आणि पाच त्याला सारखेच लागत. तो रोज ऊन पाण्यात हात बुडवून बसायचा आणि कमळच्या पाय घासायच्या वजरीनं बोटांची टोकं घासायचा. कातडी सोलून लाल झाली, तेव्हा कमळनं वजरी लपवून ठेवली.

काही नियम तो विसरला होता. दोन्हीकडं सारखे ठिपके असलेल्या सोंगटीचं काय करायचं, ते आठवेना. चिमीनं ठरवून टाकलं की ती आडवी लावायची आणि लावणाऱ्यानं आणखी एकदा खेळायचं. जी दोन्ही अंगांनी कोरी होती तिला ती ‘उपाशी’ म्हणायची. “आये, तुझ्याकडं उपाशी आली ना? तोंडावरनं कळतं,” असं म्हणून ती हसायची, आणि कमळही हसायची. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं.

गणपती गेले. एका दुपारी खेळता खेळता राघोचा हात सोंगटीवरच थांबला.

“चिमे,” तो म्हणाला, “डेपोतला आकडा पन खोलच असतो की गो.”

दुसऱ्या दिवशी तो चिमीचा खांदा धरून डेपोत गेला. बुधू थप्पीपाशीच होता. राघोनं त्याला सांगितलं, “मला कुठलाबी ओंडका दे.”

बुधूनं दिला. राघोनं बुडावर तळवा ठेवला, मग दोन बोटं. “चारशे बारा.”

बुधूनं दुसरा दिला, तिसरा दिला. असे सात दिले. राघोनं सातही बरोबर वाचले. सातव्यावर त्याचं बोट जरा रेंगाळलं. “आठचा ठसा तिरका धरलावतास, बुधू. दोन घाव घातलेस.”

“व्हय, दादा,” बुधू म्हणाला. “दोन घातले.”

मग बुधूनंच सांगितलं की शहापूरच्या मोठ्या डेपोत लिलावाच्या वेळी ओंडके तपासून नंबर पुकारायला माणूस हवा आहे. कारकून लिहीत जातो, दुसऱ्यानं वाचत जायचं. “मी आपल्या सायबाला बोलतो. तिकडं चिठ्ठी देतील. वाचायचंच काम हाय, दादा. बाकी काय नाय.”

त्याच आठवड्यात वीटभट्टीचा मुकादम वाडीवर फिरून गेला होता. दसरा झाला की भिवंडीकडच्या भट्ट्यांवर गाडी जाणार होती. कमळनं त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. गेलं तर तिघांनाही जावं लागणार. राघोला एकटं ठेवता येत नव्हतं, आणि चिमीचे हात चिखल थापायला लागणार होते. चिमी तिसरीत होती. भट्टीवरून पोरं परत येत ती आखाडाच्या तोंडाशी. शाळेत परत गेलेलं पोर वाडीत कुणी पाहिलं नव्हतं.

“चिठ्ठी येऊंदे,” राघो म्हणाला. “तवर मुकादमाला काय बोलू नको.”

चिठ्ठी आली. राघोनं धुतलेलं धोतर नेसलं, डेपोतून मिळालेला खाकी कोट चढवला. पहाटेच्या एस.टी.नं तो आणि चिमी मुरबाडला गेले, तिथून दुसऱ्या गाडीनं शहापूरला. सगळ्या वाटेनं तो बोटं धोतराच्या सोग्यात गुंडाळून बसला होता. “फुटू नयेत,” तो चिमीला म्हणाला. चिमीला वाटलं बा गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता.

शहापूरचा डेपो मोठा होता. ताज्या चिरलेल्या सागाचा वास फाटकाबाहेरच आला आणि राघोची छाती भरून आली. चिठ्ठी वाचून साहेब खुर्चीतून उठून बाहेर आले. माणूस सज्जन होता.

“टोकावड्याच्या साहेबांनी फार चांगलं लिहिलंय तुमच्याबद्दल,” ते म्हणाले. “बोटांनी नंबर वाचता?”

“व्हय सायेब. सात पैकी सात.”

“बघू या.”

त्यांनी त्याला पहिल्याच थप्पीपाशी नेलं. कारकून आला, दोन-तीन हमाल कामं थांबवून उभे राहिले. राघोनं ओंडक्याच्या बुडावर तळवा ठेवला. मग दोन बोटं. बोटं वरून खाली गेली, खालून वर आली. कडेनं एक वळसा घालून परत मधोमध आली. चिकट काहीतरी लागत होतं. आकडा लागत नव्हता.

“साग हाय,” राघो म्हणाला. “डोंगराच्या वरल्या अंगाचा. दाट वाढीचा. साठ-पासष्ट वर्सांचा असंल. दोनदा वणवा लागलेला हाय ह्याला, ह्यो बघा, हितं साल आत दबलीया.”

“बरोबर असेल,” साहेब म्हणाले. “नंबर काय?”

राघो बोटं फिरवत राहिला. त्याच्या कानशिलावर घाम आला. चिमीला नंबर समोर दिसत होता. काळ्या डांबरानं काढलेले हाताएवढे आकडे: तीनशे सोळा. ते ठोकलेले नव्हते. नुसते रंगवलेले होते.

ती बापाला चिकटून उभी राहिली. त्याचा डावा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि तळव्यावर बोटानं टोचलं. तीनदा. थांबली. एकदा. थांबली. मग सहादा.

राघोला सगळं कळलं. नंबर कळला, आणि तो कुठून आला तेही कळलं. तो बोलला असता तर त्या क्षणी काम त्याचं होतं. मग उद्याच्या ओंडक्यापाशी चिमी हवी होती, परवाच्या ओंडक्यापाशी चिमी हवी होती, प्रत्येक थप्पीपाशी, प्रत्येक दिवशी. त्यानं हात हळूच सोडवून घेतला.

“नाय सायेब,” तो म्हणाला. “ह्यो मला वाचता येत नाय.”

कारकुनानं हातातली वही मिटली.

“डांबर आहे, बाबा,” साहेब म्हणाले. “यंदापासून इथं ठसे बंद केले. माल वाढला, वेळ पुरत नाही. आणि व्यापाऱ्यांनाही लांबून दिसायला हवं.” मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं. “तुम्ही खोल ठसेच वाचता हे आधी कळलं असतं, तर तुम्हाला एवढ्या लांब यावं लागलं नसतं.”

“तुमचं काय चुकलं नाय, सायेब.”

“चहा घेऊन जा.”

“घेतो.”

तो चहा प्यायला. कपाला काळे डाग पडले, ते चिमीनं आपल्या ओढणीनं पुसले. निघताना राघोनं विचारलं, “टोकावड्यालाबी बंद होनार का, सायेब, ठसे?”

“पुढच्या वर्षी,” साहेब म्हणाले.

येताना एस.टी.त चिमी रडायला लागली. “मी सांगितलावता तुला, बा,” ती म्हणाली. “मी बरोबर सांगितलावता.”

“व्हय गो. बरोबरच सांगितलंस.”

“मग बोल्ला का नाय?”

राघोनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तो म्हणाला, “झोप जरा. लांब जायचंय.”

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. कमळ दारातच उभी होती. तिनं आधी चिमीचं तोंड बघितलं, मग राघोची बोटं. पेंगुळलेल्या चिमीला आत निजवून तिनं बाटलीतलं घासलेट चिंधीवर ओतलं, त्याला ओटीवर बसवलं आणि एकेक बोट घासायला सुरुवात केली. डांबर नखांच्या कडेत, कातडीच्या सोललेल्या चिरांत बसलं होतं. घासलेट चिरांत गेलं तसा तो कळवळला, पण हात मागं घेतला नाही.

“मुकादमाची गाडी कवा हाय?” त्यानं विचारलं.

“सोमवारी.”

“चिमीला ठावं हाय, शाळा सुटनार ते?”

“नाय.”

“मी सांगतो.”

“नको,” कमळ म्हणाली. “मी सांगंन. मी आय हाय.”

तिनं हात पुसून दिले. सगळं निघालं नव्हतं. मग ताट आणून पुढ्यात ठेवलं, नाचणीची भाकरी आणि तुरीचं कालवण. घासलेटाचा वास ओटीभर झाला होता.

“भरवू का?” तिनं हळूच विचारलं. “वास येतोय हाताला.”

“नको.”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. क्षणभर तो थांबला. मग नीट चावून गिळला. दुसरा मोडला, तिसरा मोडला. कमळ समोर बसून बघत होती. भाकरी संपली तेव्हा त्यानं काळी पडलेली बोटं ताटावरून कडेकडेनं एकदा फिरवली, आत काही उरलं नाही ना ते बघितलं, आणि ताट तिच्याकडं सरकवलं.