कोऱ्या सोन्यावर

प्रयोगशाळेत आमच्या बाईंचा, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचा, एक नियम आहे. रेणूकडे वळण्याआधी रोज सकाळी कोऱ्या सोन्यावर मोजायचं. म्हणजे सोन्याच्या तुकड्यावर जिथे एकही रेणू बसलेला नाही, तिथे यंत्राची सुई न्यायची आणि चाळीस मिनिटं थांबायचं. पडद्यावर सपाट रेघ आली पाहिजे. तीन आठवडे मी हा नियम धाब्यावर बसवला होता. यंत्र गार ठेवणारं हेलियम शनिवारी दुपारी संपणार होतं, पुढची टाकी तीन महिन्यांनी येणार होती आणि प्रबंध मला दोन महिन्यांत द्यायचा होता. सपाट रेघ बघत बसायला वेळ कुणाला होता?

प्रश्न साधा होता. आमच्या रेणूत इवलंसं चुंबकत्व असतं. धातूवर बसवल्यावर ते टिकतं की मरतं? टिकलं, तर उद्या त्यात माहिती साठवता येईल. मेलं, तर माझी पाच वर्षं पाण्यात. टिकलेलं असलं की रेघेत उंचवटा दिसतो. मला तो अकरा रेणूंवर दिसला होता, अगदी एकसारखा. बाईंनी शोधनिबंध लिहायला घेतला होता. दादा फोनवर चिडवायचा, "सोन्यात लोळतेस आणि अंगावर गुंजभर नाही."

पण ते 'एकसारखा' मला खुपायला लागलं. रेणू कसेही वेडेवाकडे बसतात. अकरा भावंडांची नाकं तंतोतंत सारखी असतात का? शुक्रवारी सकाळी चडफडत मी सुई कोऱ्या सोन्यावर नेली. चाळीस मिनिटांनी तिथेही तोच उंचवटा उभा. एक रेणू सुईच्याच टोकाला चिकटला होता आणि तीन आठवडे मी त्यालाच मोजत होते.

मूग गिळून बसले असते तर कुणाला कळलं नसतं. स्वतःचा संताप येत होता, त्याच संतापात जिना चढले.

"बाई, ते अकराही खोटे आहेत. मी कोऱ्या सोन्यावर मोजलंच नव्हतं."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

बाईंनी निबंधाची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "मीही कधी विचारलं नाही. हेलियम किती उरलंय?"

"उद्या दुपारपर्यंत."

"मग इथे काय करतेस?"

सुई सोन्यात टोचून टोचून साफ करण्यात निम्मा दिवस गेला. कोरं सोनं मोजलं. सपाट. पहिल्या रेणूवर काही नाही, दुसऱ्यावरही नाही. शनिवारी सकाळी परत आधी कोरं सोनं, परत सपाट. तिसऱ्या रेणूवर साडेअकराला एक उंचवटा आला. बुटका, एका अंगाला कललेला, आधीच्याच्या निम्मासुद्धा नाही.

हेलियम तासाभराचं उरलं होतं. त्यात आणखी एक रेणू मोजून झाला असता. मी सुई पुन्हा कोऱ्या सोन्यावर नेली. मागे उभ्या असलेल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण अडवलं नाही. चाळीस मिनिटं आम्ही दोघी ती रेघ बघत होतो. ती सपाटच राहिली.

वहीतल्या अकरा नोंदी मी खोडल्या आणि खाली लिहिलं, 'एक'. बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याखाली सही केली.